'शट अप शॉप' कधी लिहावे? ब्रिटनमधील वूलवर्थ्सचे प्रकरण

प्रसंग

२६ नोव्हेंबर २००८ रोजी लंडनच्या शेअर बाजारात वूलवर्थ्स ग्रुपच्या समभागांचे व्यवहार थांबवण्यात आले. त्याच दिवशी समूहाच्या दोन उपकंपन्या ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरी कायद्याखाली नेमलेल्या प्रशासकाच्या हाती, गेल्याचे जाहीर झाले. एक म्हणजे गल्लोगल्ली दुकाने चालवणारी वूलवर्थ्स, दुसरी म्हणजे सीडी आणि डीव्हीडींचा घाऊक पुरवठा करणारी एंटरटेनमेंट यूके. कारभार डेलॉइट या लेखापाल संस्थेकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दुकाने उघडली. काउंटरवर तीच माणसे होती आणि गिऱ्हाईकही आले, किंबहुना नेहमीपेक्षा जास्त आले. डिसेंबरमध्ये 'क्लोजिंग डाउन सेल'चे फलक लागले. २७ डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने दुकाने बंद होत गेली आणि ६ जानेवारी २००९ ला शेवटची दारे लागली. एकूण ८०७ दुकाने गेली आणि सुमारे २७ हजार नोकऱ्या गेल्या. कर्जाचा आकडा ३८.५ कोटी पौंडांचा होता.

या घटनेचे वर्णन इंग्रजीत बऱ्याच शब्दांत झाले: 'गो बस्ट', 'गो अंडर', 'गो टू द वॉल', 'क्लोज इट्स डोअर्स', 'गो आउट ऑफ बिझनेस' आणि ब्रिटिश वाचकाच्या सर्वांत ओळखीचे 'शट अप शॉप'. शब्दकोशात पाहिले तर सगळ्यांपुढे साधारण एकच अर्थ दिसतो, 'धंदा बंद होणे'. त्यामुळे मराठीतून इंग्रजीत लिहिणारा किंवा इंग्रजी बातमी मराठीत आणणारा यातला कोणताही एक उचलतो. वूलवर्थ्सच्या बाबतीत असे केले की चूक तारखेनिशी दाखवता येते. २७ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी 'वूलवर्थ्स हॅज गॉन बस्ट' हे वाक्य खरे होते आणि 'वूलवर्थ्स हॅज शट अप शॉप' हे खोटे होते. ६ जानेवारीच्या संध्याकाळी दोन्ही खरी ठरली. मधल्या सुमारे सहा आठवड्यांत या दोन वाक्यांमध्ये जे अंतर होते, ते समजले की हा वाक्प्रचार समजला.

वाक्प्रचाराची घडण

'शट अप' दिसताच भारतीय वाचकाला 'गप्प बस' आठवते. इथे त्याचा संबंध नाही. 'शट अप' म्हणजे नीट बंद करणे, कडीकुलपात ठेवणे हा जुना अर्थ आहे. गप्प बसवण्याचा अर्थ नंतर प्रचलित झाला. घर बरेच दिवस बंद ठेवून गावाला जातात तेव्हाही इंग्रजीत हेच क्रियापद चालते. अमेरिकेत या ठिकाणी 'क्लोज अप शॉप' म्हणण्याची रीत आहे. अर्थ तोच, आणि 'शट अप'चा खडखडाटही टळतो.

दुसरी गोष्ट 'शॉप' या शब्दाची. त्याच्या आधी 'द', 'अ', 'देअर' असे काहीही येत नाही आणि अनेकवचनही होत नाही. 'दे शट अप द शॉप' असे लिहिले की वाक्प्रचार मोडतो आणि उरतो तो सरळ अर्थ: त्यांनी ते अमुक दुकान बंद केले, बहुधा रात्रीपुरते. 'सेट अप शॉप' (धंदा थाटणे) आणि 'टॉक शॉप' (सुट्टीच्या वेळीही कामाच्याच गप्पा मारणे) यांत 'शॉप' असाच उघडा येतो. तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ चार भिंतींचे दुकान असा राहत नाही, 'धंदा' असा होतो. म्हणूनच वकील, दवाखाना, मासिक, छोटा कारखाना, संकेतस्थळ यांपैकी कोणीही 'शट अप शॉप' करू शकते.

काळाची रूपे सोपी आहेत, पण चुका तिथेच जास्त होतात. 'शट' तिन्ही रूपांत 'शट'च राहते, 'शटेड' असे काही नसते. वर्तमानकाळात एकवचनी कर्त्याला 'शट्स अप शॉप', चालू क्रियेसाठी 'शटिंग अप शॉप'. कर्मणी प्रयोग होत नाही. 'द कंपनी वॉज शट अप शॉप' हे वाक्य इंग्रजीत उभेच राहत नाही. सरकारने किंवा न्यायालयाने एखादी कंपनी बंद पाडली असेल तर 'वॉज शट डाउन' किंवा 'वॉज फोर्स्ड टू शट अप शॉप' असे लिहावे लागते. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत 'अप' गाळून नुसते 'शट शॉप' छापण्याची पद्धत आहे. भारतीय वाचकाला ते खटकत नाही. ब्रिटिश किंवा अमेरिकी वाचकासाठी लिहिताना 'अप' गाळू नये.

कर्मणी प्रयोग का होत नाही, याचे उत्तर अर्थात आहे. दुकान आवरणारा स्वतः दुकानदार असतो. 'शट अप शॉप'मध्ये कर्ता काहीतरी करतो, 'गो बस्ट' आणि 'गो अंडर'मध्ये कर्त्याचे काहीतरी होते. साठी उलटलेला, एक पैचेही देणे नसलेला शिंपी मुलांना धंद्यात रस नाही म्हणून शिवणयंत्र विकून मोकळा होतो, तेव्हा तो 'शट अप शॉप' करतो. त्याच्याबद्दल 'गो बस्ट' लिहिणे चूक आहे, शिवाय धोक्याचेही आहे. देणी फेडता येत नाहीत असा आरोप त्या दोन शब्दांत आहे आणि चालत्या किंवा स्वखुशीने बंद केलेल्या धंद्याबद्दल असे छापणे हा बदनामीचा मुद्दा होऊ शकतो. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी निम्म्या चुका टळतात.

दिवसापुरते की कायमचे

'शट अप शॉप'चे दोन अर्थ रोजच्या वापरात शेजारीशेजारी राहतात. 'वुई शट अप शॉप ॲट सिक्स' म्हणजे आम्ही सहाला बंद करतो. 'दे शट अप शॉप फॉर द विंटर' म्हणजे हिवाळाभर बंद. समुद्रकाठची हॉटेले असे करतात. 'दे शट अप शॉप आफ्टर नाइन्टीनाइन इयर्स' म्हणजे कायमचे. वाक्प्रचार तिन्ही ठिकाणी तोच आहे, अर्थ ठरतो शेजारच्या शब्दांवर. वेळ असेल तर रोजचे, ऋतू असेल तर हंगामी, आणि 'फॉर गुड' किंवा धंद्याची एकूण वर्षे असतील तर कायमचे. यातले काहीच नसेल तर वाचक संदर्भावरून ताडतो आणि कधीकधी चुकीचे ताडतो. त्यामुळे कायमचे बंद म्हणायचे असेल तर 'फॉर गुड' जोडण्यात कंजूषी करू नये.

पाटी लिहिताना 'क्लोज्ड' आणि 'क्लोज्ड डाउन' यांतही हाच भेद आहे. पहिले दुपारच्या जेवणाचेही असू शकते, दुसरे कायमचेच. म्हणून सेल 'क्लोजिंग डाउन' असतो, नुसता 'क्लोजिंग' नसतो.

पैसा आधी संपला, दारे नंतर लागली

वूलवर्थ्स कोसळली कशी, हे जरा सविस्तर पाहायला हवे, कारण कोणता वाक्प्रचार कुठे बसतो ते त्यातूनच कळते. ब्रिटनमधले पहिले वूलवर्थ्स दुकान ५ नोव्हेंबर १९०९ ला लिव्हरपूलच्या चर्च स्ट्रीटवर उघडले. सगळा माल तीन आणि सहा पेन्सांत, हे त्याचे सुरुवातीचे सूत्र. मूळ कंपनी अमेरिकी होती. १९८२ मध्ये ब्रिटिश शाखेची मालकी ब्रिटिश गुंतवणूकदारांकडे आली, त्या समूहाचे नाव पुढे किंगफिशर झाले, आणि २००१ मध्ये किंगफिशरने वूलवर्थ्सला वेगळे काढले. वेगळे होताना अनेक दुकानांच्या जागा विकून त्याच जागा भाड्याने घेतलेल्या होत्या. जागा हातच्या गेल्या आणि दरवर्षी भाड्याचा बोजा आला. खेळणी, गोळ्या-चॉकलेटे, मुलांचे कपडे, सीडी, घरगुती सामान असा सगळ्याचा थोडाथोडा माल ठेवणाऱ्या या दुकानांचा एकेक विभाग सुपरमार्केटने, स्वस्त दुकानांनी आणि इंटरनेटने कुरतडला.

तरीही शेवटचा धक्का पतविम्याचा होता. पुरवठादार दुकानांना उधारीवर माल देतात आणि दुकान बुडाले तर पैसे मिळावेत म्हणून विमा काढतात. २००८ च्या आर्थिक संकटात विमा कंपन्यांनी वूलवर्थ्ससाठी हे संरक्षण काढून घेतले. विमा गेल्यावर पुरवठादार माल देण्याआधी रोख मागू लागले. ख्रिसमसच्या हंगामासाठी माल भरण्याची हीच वेळ होती, म्हणजे रोख रकमेची गरज वर्षात सर्वांत जास्त होती. फळ्यांवरचा माल विकून येणाऱ्या पैशांआधीच नव्या मालाचे पैसे द्यायचे होते. किरकोळ धंदा एका पौंडात विकून मोकळे होण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. त्यानंतर ॲडमिनिस्ट्रेशन.

या टप्प्यासाठी 'गो अंडर' आणि 'गो बस्ट' हे नेमके शब्द आहेत. दोन्हींचा गाभा एकच: देणी आली आणि फेडायला पैसे नाहीत. दुकानाचे दार उघडे आहे की बंद, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. 'गो बस्ट' बोलीतले आहे, सरकारी पत्रात किंवा कराराच्या मसुद्यात शोभत नाही. 'गो टू द वॉल' ब्रिटिश आहे आणि स्पर्धेत चिरडल्या गेलेल्या धंद्यासाठी जास्त वापरतात. 'गो बेली अप' थोडे थट्टेचे आहे. २७ हजार माणसांच्या नोकऱ्या गेल्या त्या बातमीत ते लिहिणारा उपसंपादक दुसऱ्या दिवशी पत्रे वाचत बसेल.

एक शब्द मात्र ब्रिटनच्या बाबतीत जपून वापरावा: 'बँकरप्ट'. इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यात 'बँकरप्ट' होते ती व्यक्ती. कंपनी 'इन्सॉल्व्हन्ट' होते, मग ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये किंवा लिक्विडेशनमध्ये (मालमत्ता विकून कंपनी मोडीत काढणे) जाते. अमेरिकेत कंपन्याही 'बँकरप्सी'त जातात आणि तिथल्या चॅप्टर ११ खाली कंपनी चालू ठेवून कर्जाची फेररचना होते, तर चॅप्टर ७ खाली मालमत्ता विकून टाकली जाते. गप्पांत ब्रिटिश माणूसही 'वूलवर्थ्स वेंट बँकरप्ट' म्हणेल. अहवालात म्हणू नये.

ॲडमिनिस्ट्रेशनचा हेतू दारे लावणे हा नसतो. ब्रिटिश कायद्याप्रमाणे ॲडमिनिस्ट्रेटरने आधी कंपनी वाचवता येते का हे पाहायचे, ते शक्य नसेल तर लगेच मोडीत काढण्यापेक्षा धनकोंच्या पदरात जास्त पडेल असे काही करायचे, आणि तेही जमत नसेल तर मालमत्ता विकून तारण असलेल्यांची देणी फेडायची. या काळात धनकोंच्या वसुलीला स्थगिती असते. वूलवर्थ्सची दुकाने या काळात उघडी राहिली, कारण ख्रिसमसच्या गर्दीत माल विकणे हाच पैसे उभे करण्याचा सर्वांत चांगला मार्ग होता. सेलच्या शेवटी फळ्या आणि काउंटरही विकायला काढले गेले. थोडक्यात, 'गो बस्ट' झालेली कंपनी जोरात धंदा करत होती. दारे लागली ती कंपनी विकत घेणारा मिळाला नाही म्हणून. एवढ्या मोठ्या साखळीला कोणी एकच खरेदीदार पुढे आला नाही. इथे 'शट अप शॉप' बसते, आणि त्याच्या शेजारी 'सीझ ट्रेडिंग' हा औपचारिक प्रयोगही. 'सीझ ट्रेडिंग'मध्ये भावना नाही, फक्त तारीख आहे. नोटिशीत आणि ताळेबंदात हेच वापरावे.

तीन देश, एकच नाव

वूलवर्थ्स हे नाव घेतल्यावर 'शट अप शॉप' आणि 'गो बस्ट' यांच्या तिन्ही जोड्या पाहायला मिळतात. असे आयते उदाहरण क्वचितच सापडते.

अमेरिकेत १९९७ मध्ये मूळ कंपनीने उरलेली चारशेहून अधिक जुन्या धाटणीची दुकाने बंद करण्याचा निर्णय घेतला. कंपनी बुडाली नव्हती. तिच्याकडे खेळाच्या बुटांचा चांगला चालणारा धंदा होता. १९९८ मध्ये तिने व्हेनेटर असे नाव घेतले आणि २००१ मध्ये फूट लॉकर. इथे साखळीने 'शट अप शॉप' केले, कंपनीने 'गो बस्ट' केले नाही, आणि 'गो आउट ऑफ बिझनेस' तर मुळीच नाही. वाक्याचा कर्ता कोण धरतो याला इथे सगळे महत्त्व आहे. 'द स्टोअर्स' किंवा 'द चेन' कर्ता असेल तर वाक्य बरोबर. 'द कंपनी' कर्ता केला की चूक.

जर्मनीत उलटे झाले. तिथली वूलवर्थ्स ब्रिटिश कंपनीपासून वेगळी होती. एप्रिल २००९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, बरीच दुकाने गेली, पण उरलेल्यांना २०१० मध्ये नवा मालक मिळाला आणि त्या नावाची दुकाने जर्मनीत आजही चालतात. 'वेंट बस्ट' खरे, 'शट अप शॉप' खोटे.

ब्रिटनमध्ये दोन्ही झाले, एकामागोमाग एक.

ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वूलवर्थ्सचा या कुटुंबाशी फक्त नावापुरता संबंध. ऑस्ट्रेलियातली कंपनी १९२४ मध्ये सुरू झाली आणि आज तिथले ते एक बडे सुपरमार्केट आहे. त्यामुळे 'वूलवर्थ्स शट्स अप शॉप' एवढाच मथळा जगभर फिरला तर सिडनीतला वाचक दचकेल. मथळ्यात देशाचे नाव घालायला एकच शब्द लागतो.

एक दुकान म्हणजे सगळे दुकान?

वाक्प्रचारातला 'शॉप' एकवचनी राहतो, पण ८०७ दुकाने बंद करणारी कंपनी एक धंदा बंद करते की ८०७? भाषेपुरते उत्तर सोपे आहे, एकच. कायद्यात मात्र हा प्रश्न वर्षानुवर्षे लढला गेला.

ब्रिटिश कायद्यानुसार एकाच 'एस्टॅब्लिशमेंट'मध्ये, म्हणजे कामाच्या ठिकाणी, ९० दिवसांत २० किंवा अधिक माणसे कमी करायची असतील तर मालकाने कामगार संघटनेशी आधी सल्लामसलत केली पाहिजे. तशी न केल्यास कामगारांना भरपाई मिळते. वूलवर्थ्सच्या कामगारांच्या वतीने दुकान कामगारांची संघटना अस्डॉ लढली आणि २०१२ मध्ये लवादाने साठ दिवसांच्या पगाराइतकी भरपाई मंजूर केली. पण ज्या दुकानांत २० पेक्षा कमी माणसे होती, तिथल्या सुमारे ३,२०० जणांना काहीच मिळाले नाही, कारण प्रत्येक दुकान हे स्वतंत्र 'एस्टॅब्लिशमेंट' धरले गेले. अपिलात आधी निकाल कामगारांच्या बाजूने गेला. मग प्रश्न युरोपीय न्यायालयात पोहोचला आणि ३० एप्रिल २०१५ ला त्या न्यायालयाने सांगितले की प्रत्येक दुकान वेगळे मोजण्यात युरोपीय नियमाचा भंग होत नाही.

या खटल्यात प्रतिवादी कंपनीचे नाव वूलवर्थ्स नव्हते, 'डब्ल्यूडब्ल्यू रिअलायझेशन १ लिमिटेड' होते. नाव विकले गेल्यावर जुन्या कंपनीला स्वतःचेच नाव वापरता येत नाही, म्हणून तिला असे रुक्ष नाव घ्यावे लागते. मालमत्तेचे पैसे करणे हे तिचे उरलेले काम, आणि ते नावातच आहे. बातमीदाराने कागदपत्रांत 'वूलवर्थ्स' शोधले तर त्याला ही कंपनी सापडणार नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा: एखाद्या साखळीच्या एका शाखेबद्दल लिहिताना 'शट अप शॉप' शक्यतो टाळावे. 'द लीड्स ब्रँच हॅज क्लोज्ड' पुरेसे आहे. 'वूलवर्थ्स हॅज शट अप शॉप इन लीड्स' चालते, पण त्यात कर्ता सगळी कंपनी होतो आणि 'इन लीड्स' नजरेतून सुटले की अर्थाचा अनर्थ.

मराठीत आणताना

मराठीकडे या कामासाठी शब्दांची टंचाई नाही. अडचण येते ती त्यांच्या छटा इंग्रजीशी जुळवताना.

'गाशा गुंडाळणे' हे 'शट अप शॉप'च्या सर्वांत जवळ जाते, कारण गुंडाळणारा कर्ता स्वतः असतो. मात्र त्यात ठिकाण सोडून जाण्याचा भाव आहे. एखाद्या परदेशी कंपनीने एका देशातून काढता पाय घेतला तर ते चपखल, पण शंभर वर्षे त्याच गावात असलेल्या दुकानाबद्दल लिहिताना ते थोडे उपहासाचे वाटते. तिथे 'व्यवसाय कायमचा बंद केला' हे साधे वाक्य बरे.

'दिवाळे निघणे' हे 'गो बस्ट'. 'बुडणे' हेही, आणि 'गो अंडर'मधले पाण्याचे चित्र 'बुडणे'त आपोआप येते. 'डबघाईला येणे' म्हणजे बुडण्याच्या वाटेवर असणे. ते वूलवर्थ्सच्या २००८ च्या उन्हाळ्या-शरदाला लागू पडते, जानेवारी २००९ ला नाही. मथळ्यात 'डबघाईला' लिहून मजकुरात 'सर्व दुकाने बंद' लिहिले की वाचक गोंधळतो.

'टाळे लागणे' आणि 'टाळे ठोकणे' यांत मोठा फरक आहे. 'लागले' म्हणताना कोणी लावले ते उघड होत नाही. 'ठोकले' म्हटले की बहुतेकदा दुसरे कोणी, बँक किंवा सरकारी यंत्रणा, डोळ्यांसमोर येते. वूलवर्थ्सला कोणी टाळे ठोकले नाही. 'टाळेबंदी' तर इथे वापरूच नये. औद्योगिक वादात मालकाने कामगारांना बाहेर ठेवणे हा तिचा ठरलेला अर्थ आहे आणि २०२० नंतर साथीच्या काळातला अर्थही तिला चिकटला आहे.

जुन्या बोलीत दुकान 'वाढवणे' म्हणजे ते आवरून बंद करणे, जशी बांगडी वाढते तसे. शब्द मायेचा आहे, पण आजचा वाचक 'वूलवर्थ्सने दुकाने वाढवली' याचा नेमका उलटा अर्थ घेईल.

कायद्याच्या शब्दांत 'लिक्विडेशन'ला 'अवसायन' आणि लिक्विडेटरला 'अवसायक' हे शब्द सरकारी मराठीत रुळलेले आहेत. 'ॲडमिनिस्ट्रेटर'ला नुसते 'प्रशासक' लिहिले की मराठी वाचकाला सहकारी बँकेवर किंवा महापालिकेवर नेमलेला प्रशासक आठवतो. पहिल्या उल्लेखाला 'दिवाळखोरी कायद्याखाली नेमलेला प्रशासक' असे पूर्ण लिहावे, नंतर नुसते 'प्रशासक' चालेल. आणि 'कंपनी प्रशासनात गेली' असे शब्दाला शब्द ठेवून लिहू नये; मराठीत ते वाचून कंपनीला सरकारी नोकरी लागल्यासारखे वाटते. 'कंपनीचा कारभार प्रशासकाकडे सोपवला' हे बरे.

उलट दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जाताना, मजकुरात चार गोष्टी शोधाव्यात: निर्णय कोणाचा, देणी थकली का, दार प्रत्यक्षात लागले का, आणि बंद झाले ते एक दुकान, साखळी की कंपनी. निर्णय स्वतःचा आणि दार लागलेले असेल तर 'शट अप शॉप'. देणी थकलेली पण दार उघडे असेल तर 'गॉन बस्ट', औपचारिक मजकुरात 'इन्सॉल्व्हन्ट'. देणी थकली आणि दारही लागले असेल तर दोन्ही चालतात, पण मग कोणते आधी घडले ते क्रमाने लिहावे. शाळा, ग्रंथालय, रुग्णालय असेल तर 'क्लोज्ड इट्स डोअर्स' हे सौम्य पडते, त्यात दिवाळखोरीचा वास नाही. नियतकालिक किंवा नाटक असेल तर 'फोल्डेड'. यातली एखादी गोष्ट मजकुरात सापडली नाही तर तेवढी माहिती विचारून घ्यावी, वाक्प्रचाराने ती झाकू नये.

मैदानावरचे 'शॉप'

क्रिकेट आणि फुटबॉलच्या बातम्यांत हाच वाक्प्रचार येतो आणि यंत्राने केलेले भाषांतर तिथे हमखास घसरते. एका गोलने पुढे असलेला संघ शेवटच्या वीस मिनिटांत सगळे खेळाडू मागे खेचून बचाव करतो, त्याला 'शटिंग अप शॉप' म्हणतात. कसोटीत पाचव्या दिवशी विजय हातून निसटला की फलंदाज धावांचा नाद सोडतो, तेही हेच. मराठीत 'बचावाचा पवित्रा घेतला' किंवा फलंदाजासाठी 'खेळपट्टीवर नांगर टाकला'. दुकानाचा उल्लेख आला की भाषांतर चुकले. इथे एक बारीक फरकही आहे: मैदानावरचा संघ पराभवातून नाही, बऱ्याचदा आघाडीवर असताना दुकान आवरतो, त्यामुळे शब्दाला टीकेची धार असते, करुणेची नसते.

नावाचा शेवट

वूलवर्थ्सचे नाव २००९ च्या सुरुवातीला शॉप डायरेक्ट या घरपोच विक्री करणाऱ्या समूहाने विकत घेतले आणि त्याच वर्षी त्या नावाने संकेतस्थळ सुरू केले. २०१५ मध्ये समूहाने ते बंद करून ग्राहकांना आपल्या दुसऱ्या संकेतस्थळाकडे वळवले. समूह बुडालेला नव्हता, कोणी भाग पाडलेले नव्हते, निर्णय पूर्णपणे स्वतःचा होता. नावाशी जोडलेल्या ब्रिटनमधल्या सगळ्या घटनांत 'शट अप शॉप' सर्वांत स्वच्छ बसतो तो इथे, जिथे दुकान असे नव्हतेच. त्याच वर्षी वूलवर्थ्स ग्रुप ही मूळ कंपनीही नोंदणी पुस्तकातून निघाली. त्यासाठी इंग्रजीत एकच शब्द आहे, 'डिझॉल्व्ड', आणि मराठीत 'कंपनीची नोंदणी संपुष्टात आली'.